पिव्हट टेबल
पिव्हट टेबल ही स्प्रेडशीटमधील मोठ्या तक्त्याचा गोषवारा मांडणारी सारणी आहे. मूळ नोंदींचे एक किंवा अधिक निकषांनुसार गट पाडून प्रत्येक गटाची संख्या, बेरीज, सरासरी किंवा टक्केवारी तीत दाखवली जाते. मूळ नोंदी मात्र बदलत नाहीत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना माहितीचे विश्लेषण शिकवताना हे साधन वापरले जाते.

इतिहास
या संकल्पनेचे श्रेय सामान्यतः पिटो सालास यांना दिले जाते. लोटस डेव्हलपमेंट या कंपनीने १९९१ मध्ये नेक्स्ट संगणकांसाठी लोटस इम्प्रूव्ह ही आज्ञावली प्रसिद्ध केली. तीत ही संकल्पना वापरलेली होती. पुढे मायक्रोसॉफ्टने एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत पिव्हट टेबलचा समावेश केला. लिब्रेऑफिस कॅल्क व गूगल शीट्समध्येही ही सोय उपलब्ध आहे.

रचना
पिव्हट टेबलचे ओळी, स्तंभ, मूल्ये आणि फिल्टर असे चार विभाग असतात. मूळ तक्त्यातील स्तंभांची नावे या विभागांत ओढून ठेवली की सारणी तयार होते. त्यासाठी मूळ तक्त्यात प्रत्येक स्तंभाला शीर्षक असावे आणि एका ओळीत एकच नोंद असावी. एकाच शाखेची नोंद कुठे ‘वाणिज्य’ तर कुठे ‘कॉमर्स’ अशी केली असल्यास तिचे दोन वेगळे गट पडतात.

अध्यापनातील उदाहरण
अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील १९७३ सालच्या पदव्युत्तर प्रवेशांची आकडेवारी संख्याशास्त्राच्या अध्यापनात प्रसिद्ध आहे. सहा मोठ्या विभागांकडे आलेल्या ४,५२६ अर्जांची ही माहिती विभाग, लिंग, निर्णय आणि अर्जसंख्या अशा चार स्तंभांच्या २४ ओळींत मांडता येते.

ओळींत लिंग, स्तंभांत निर्णय आणि मूल्यांत अर्जसंख्येची बेरीज ठेवून ओळनिहाय टक्केवारी काढल्यास सुमारे ४५% पुरुषांना व ३०% स्त्रियांना प्रवेश मिळाल्याचे दिसते. यावरून स्त्रियांवर अन्याय झाला, असा निष्कर्ष सहज निघतो. मात्र ओळींत ‘विभाग’ हा निकष वाढवताच चित्र बदलते.

प्रवेशाचे प्रमाण (पुरुष / स्त्रिया):
विभाग ए – ६२% / ८२%
विभाग बी – ६३% / ६८%
विभाग सी – ३७% / ३४%
विभाग डी – ३३% / ३५%
विभाग ई – २८% / २४%
विभाग एफ – ६% / ७%

सहापैकी चार विभागांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. ए आणि बी या विभागांत प्रवेश मिळणे तुलनेने सोपे होते. तेथे २,६९१ पुरुषांपैकी १,३८५ जणांनी अर्ज केले होते, तर १,८३५ स्त्रियांपैकी केवळ १३३ जणींनी. बहुतेक स्त्रियांचे अर्ज प्रवेश कठीण असलेल्या विभागांकडे होते. एकत्रित व गटवार आकडे असे परस्परविरुद्ध दिसण्याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

मर्यादा
पिव्हट टेबल निवडलेल्या निकषांपुरतेच उत्तर देते. निकष योग्य आहेत की नाहीत, हे ते सांगत नाही. गटांच्या टक्केवारींची साधी सरासरी काढणे ही विद्यार्थ्यांकडून होणारी एक चूक आहे. वरील सहा टक्केवारींची सरासरी पुरुषांसाठी सुमारे ३८% आणि स्त्रियांसाठी ४२% येते, म्हणजे एकूण प्रमाणाच्या नेमकी उलट. गटांचा आकार लक्षात न घेतल्याने असे घडते. त्यामुळे टक्केवारीसोबत मूळ संख्याही दाखवणे आवश्यक ठरते.