लाजा आणि राजा

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गात एक मुलगा धडा वाचायला उभा राहिला आणि वाचता वाचता ‘विहिरीचे पानी’ म्हणाला. वर्ग हसला, आणि सांगायला संकोच वाटतो, मीही हसलो. ‘पाणी म्हण, पाणी!’ असे तीनदा बजावले. तीनही वेळा तो ‘पानी’च म्हणाला आणि मान खाली घालून बसला. पुढे वर्षभर तो आपण होऊन वाचायला उठला नाही. मौज अशी, की लगेचचा तास हिंदीचा होता आणि तोही माझ्याकडेच होता. त्या तासाला ‘पानी’ शुद्ध होते!

मी भाषाशास्त्री नव्हे. पण त्या दिवसापासून हे उच्चाराचे प्रकरण माझ्या मागे लागले ते लागलेच, आणि त्याचा माग काढता काढता मी थेट असुरांपर्यंत जाऊन पोहोचलो.

व्याकरण का शिकावे, हे सांगताना पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच असुरांची एक जुनी कथा दिली आहे. शत्रूला ‘हे अरयः’ अशी हाक मारायची, ती असुरांनी ‘हेलयः’ अशी मारली आणि त्यापायी ते बुडाले. ‘र’चा ‘ल’ झाला, तेवढाच अपराध! म्हणून ब्राह्मणाने म्लेच्छासारखे बोलू नये, असा बोध. (आपण ‘हेल काढून’ बोलणाऱ्याला हसतो, त्या हेलाशी याचे नाते जुळवण्याचा मोह मलाही झाला; पण तो मोहच.)

आता पतंजलीचा काळ साधारणपणे इ. स. पूर्व 150 च्या सुमाराचा मानतात. त्याच्या शंभर वर्षे आधी पाटलिपुत्राच्या सिंहासनावर अशोक होता, आणि तो आपल्याला काय म्हणवीत होता? ‘लाजा’! मगधाकडे ‘र’चा ‘ल’ होई. सौराष्ट्रातल्या गिरनारच्या खडकावर तिकडच्या बोलीला धरून ‘राजा’ खोदला आहे, हे खरे. परंतु ओडिशातल्या धौलीला ‘लाजा’, आणि मगधापासून कितीतरी दूर, डेहराडूनजवळच्या काल्सीलाही ‘लाजा’च. राजधानीचा उच्चार हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेला होता. तिथे तो वाचून कोणी हसले असेल, असे मला वाटत नाही. ज्याच्या हाती दंड, त्याचा हेल कोणाला ऐकू येतो?

पुढे मगधाचे वैभव ओसरले. मग हीच मागधी संस्कृत नाटकांत कोणाच्या तोंडी आली? शाकुंतलाच्या सहाव्या अंकात अंगठी सापडलेला कोळी आणि त्याला बांधून आणणारे शिपाई मागधी बोलतात. ‘मृच्छकटिका’तला शकार तर देवलांच्या नाटकामुळे आपल्या ओळखीचाच आहे. मूळ नाटकात तो ‘स’च्या जागी ‘श’ म्हणतो, आणि तोही मागधीचाच गुण. राजाचा मेहुणा असला तरी प्रेक्षकांनी हसायचे ते त्यालाच. नाटकातला संकेत म्हणजे व्यवहाराचा पुरावा नव्हे, हे मान्य. तरीपण सम्राटाने खडकावर कोरलेला उच्चार सहा-सातशे वर्षांत कोळ्याशिपायांच्या वाट्याला यावा, हे विलक्षणच!

आणि याच नाटकांतली गाणी कोणत्या भाषेत? महाराष्ट्रीत. दंडीने ‘काव्यादर्शा’त तिला सगळ्या प्राकृतांत श्रेष्ठ ठरवले आहे. या श्रेष्ठ भाषेचा वररुचीने सांगितलेला नियम असा, की ‘न’चा सर्वत्र ‘ण’ करावा. नयनाचे णअण, नगराचे णअर. आज वर्गात कोणी ‘णगर’ म्हणून पाहावे! संस्कृत ‘पानीय’ शब्दातही ‘न’च आहे, त्याला ‘ण’ केला तो प्राकृताने. म्हणजे ज्या ‘पाणी’साठी मी त्या पोराला उभे केले, ते संस्कृत पंडिताच्या कानाला मुळातच बाटलेले. विदर्भात, खानदेशात आणि देशावरच्या कितीतरी घरांत हा ‘ण’ पुन्हा ‘न’ झाला, इतकेच.

मग आमच्या ‘ण’ला ही प्रतिष्ठा दिली कोणी? 1818 मध्ये पेशवाई बुडाली, पण पुण्याचे वजन बुडाले नाही. मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंचा कोश 1831 मध्ये निघाला. त्या कामावर बसले होते ते ब्राह्मण पंडित. पुढे शाळांची क्रमिक पुस्तके मेजर कँडींच्या नजरेखालून जाऊ लागली. 1905 मध्ये ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा खंड आला. त्यात उधळ्या मुलाची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली आहे. वऱ्हाडी आहे, नागपुरी आहे, कोकणातल्या बोली आहेत. ती पाने मी फार आवडीने वाचतो. मात्र मोजपट्टी तिथेही पुण्याचीच. ती पट्टी हातात घेऊनच आम्ही मास्तर वर्गात शिरतो.

परवा एस.टी. स्टँडवर तो मुलगा भेटला. कंडक्टर झाला आहे. ऊन रणरणत होते. त्याने मला सावलीत बसवले, बाटली पुढे केली आणि म्हणाला, “गुर्जी, पा…” क्षणभर अडखळला. मग जपून, सावकाश म्हणाला, “पाणी घ्या.”