घराभोवतालच्या बागेचे नियोजन आणि बागकाम व्यवसायाची सुरुवात : पारोळा परिसरासाठी

खान्देशात आखाजीच्या मुहूर्तावर वास्तुशांत करण्याची हौस मोठी. घर तयार होते फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि घरमालकाला पाहुणे यायच्या आत अंगणात हिरवळ, गुलाब आणि दोन-चार मोठी झाडे हवी असतात. नव्याने बागकामात उतरलेला तरुण पहिले काम म्हणून हे मान्य करतो, रोपे जगण्याची तोंडी हमी देतो आणि मे महिन्यात 44-45 अंश तापमानात निम्मी रोपे करपली की स्वतःच्या खिशातून भरून देतो. पहिले भांडवल इथेच जाते. त्यामुळे पारोळा, अमळनेर, एरंडोल या पट्ट्यात बाग कशी आखावी आणि हा व्यवसाय कसा सुरू करावा, हे दोन्ही विषय एकत्रच पाहिलेले बरे.

जमीन आणि पाणी आधी पाहावे

पारोळा तालुक्यात पाऊस साधारण 600 मि.मी.च्या आसपास, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर. गावठाणालगतच्या बऱ्याच प्लॉटमध्ये काळी, भारी जमीन असते. ही जमीन ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. शेतात कपाशीला हा गुण चालतो, पण घराच्या पायालगत रोज पाणी दिले तर भिंतींना तडे जाण्याची शक्यता वाढते. म्हणून भिंतीपासून किमान 3 फूट पट्टा फरशी किंवा कोब्याचा ठेवावा, त्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा आणि वाफे त्यापुढे घ्यावेत.

बांधकाम झालेल्या प्लॉटमध्ये वरच्या थरात सिमेंट, विटांचे तुकडे आणि मुरूम मिसळलेला असतो. तो किमान एक फूट काढून टाकावा. नवीन माती आणताना ती कोणत्या शेतातून येते ते पाहावे, नाहीतर लव्हाळा आणि गाजरगवत फुकटात घरी येते. लव्हाळ्याच्या गाठी एकदा शिरल्या की माळी दमतो, लव्हाळा दमत नाही.

या भागातील जमिनीत चुनखडीचे प्रमाण अनेक ठिकाणी जास्त असते. अशा जमिनीत एक्झोरा, अनंत, गुलाब यांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हा लोहाच्या कमतरतेचा प्रकार आहे. लोक युरिया टाकत राहतात, त्याचा उपयोग होत नाही. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 5 ते 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी फवारणी करावी. मात्र मुळात अशा जमिनीत बोगनवेल, तगर, चाफा, मधुमालती लावणे जास्त शहाणपणाचे. माती परीक्षण करून घ्यावे आणि त्यात सामू व मुक्त चुन्याचे प्रमाण आवर्जून पाहावे.

पाण्याचा हिशेब कागदावर मांडावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला रोज 6 मि.मी. पाणी धरले, तर 300 चौरस फूट हिरवळ, म्हणजे सुमारे 28 चौरस मीटर, दिवसाला जवळपास 170 लिटर पाणी पिते. पाच माणसांच्या घरातील अंघोळीचे सगळे पाणी तिलाच लागेल. ज्या गल्लीत उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे हिरवळीचा आग्रह धरणाऱ्या मालकाला हा आकडा काम घेण्यापूर्वी दाखवावा. हौस असेलच तर पायरीजवळ 50-60 चौरस फुटांत साधी हरळी लावावी. ती उन्हाळ्यात पिवळी पडली तरी पहिल्या पावसाने परत येते.

छतावरचे पाणी मात्र बहुतेक ठिकाणी वाया जाते. 1200 चौरस फूट स्लॅबवर 600 मि.मी. पावसात, वीस टक्के घट धरूनही, सुमारे 53 हजार लिटर पाणी पडते. ते गाळण टाकीतून बोअरच्या पुनर्भरणासाठी सोडावे. मोरीचे पाणी कर्दळ, अळू आणि केळीच्या खाचरात सोडावे; पालेभाजीला देऊ नये.

सूर्य पाहून आखणी

बागेचा नकाशा काढताना उत्तर दिशा आधी ठरवावी. पारोळा 21 अंश अक्षांशाच्या जवळ असल्याने डिसेंबरमध्ये दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून 45-46 अंशांवर असतो. म्हणजे हिवाळ्यात भर दुपारी जितकी उंच भिंत, जवळपास तितकी लांब तिची उत्तरेकडे सावली. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते.

याचा अर्थ उदाहरणाने पाहू. प्लॉट पूर्व-पश्चिम 50 फूट, दक्षिणोत्तर 60 फूट, रस्ता उत्तरेला. घर 30 बाय 40 फूट. नगरपरिषदेच्या नियमाप्रमाणे सामासिक अंतरे सोडून घर बसवले. उत्तरेला 12 फूट, दक्षिणेला 8, पूर्वेला 5 आणि पश्चिमेला 15 फूट जागा राहिली. मालकाला गुलाब समोर हवेत. पण 12-13 फूट उंच घराची सावली डिसेंबरमध्ये समोरच्या पूर्ण पट्ट्यावर पडते, म्हणजे गुलाबाच्या ऐन हंगामात तिथे ऊन नाही आणि मे महिन्यात भाजून काढणारे ऊन आहे. अशा जागी तगर, कामिनी, क्रोटन चालतात. गुलाबाच्या कुंड्या दक्षिणेला किंवा गच्चीवर न्याव्यात.

दक्षिणेचा 8 फूट पट्टा भाजीसाठी उत्तम वाटतो. मात्र तिथे 5 फुटी कंपाउंड असेल तर त्याचीही सावली हिवाळ्यात 5 फूट आत येते. उरलेले 3 फूट फरशीचे. उपाय सोपा आहे. त्या फरशीवर 20 लिटरचे डबे किंवा ग्रो बॅग ठेवून मेथी, पालक, टोमॅटो, मिरची घ्यावी. भरताच्या वांग्याची दोन-चार झाडे हवीतच. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हिवाळ्यात कळण्याच्या भाकरीबरोबर घरचे वांगे असण्याचे समाधान वेगळेच. त्याला मात्र मोठा डबा लागतो, 20 लिटरमध्ये झाड खुजे राहते.

पश्चिमेचा 15 फूट पट्टा हा या घराचा खरा ठेवा. दुपारी तीनचे ऊन पश्चिमेच्या भिंतीला तापवते आणि रात्री खोली धगधगते. इथे भिंतीपासून 10 फुटांवर बहावा आणि शेवगा लावावा. शेवगा पहिल्याच वर्षी सावली देतो, पण लाकूड ठिसूळ असल्याने वादळात मोडतो. शेंगा संपल्या की दरवर्षी 3-4 फुटांवर छाटणी करावी. कोपऱ्यात एक लिंबू, एक सीताफळ बसते. लिंबासाठी राहुरी कृषी विद्यापीठाची साई सरबती, पेरूसाठी सरदार ही जात घ्यावी. सरदारला अजूनही ‘लखनौ-49’ म्हणतात, पण तिची निवड पुण्याच्या गणेशखिंड फळबागेत झाली आहे.

वड, पिंपळ, उंबर घराच्या आवारात लावू नयेत. कडुनिंबाला भिंतीपासून किमान 25 फूट जागा लागते. ती नसेल तर तो रस्त्याच्या कडेला शोभतो. झटपट हिरवी भिंत म्हणून कोनोकार्पसची रोपे विकली जातात. त्याची मुळे गटार-पाइपमध्ये शिरतात, परागकणांचा काहींना त्रास होतो. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याकडे कुंपणाला मेंदी आहे, तीच लावावी. कण्हेर पाण्याविना तग धरते, पण तिचे सर्व भाग विषारी आहेत. लहान मुले किंवा बांधलेली शेळी असलेल्या घरी ती टाळावी.

लागवड कधी

मुख्य लागवड जूनअखेर ते ऑगस्ट. खड्डे मात्र मे महिन्यातच खोदून तापू द्यावेत. भारी जमिनीत खड्ड्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून रोप जमिनीपेक्षा थोडे उंच, गादीवर लावावे. दुसरा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर. आखाजीला बाग हवी असेल तर मालकाला सरळ सांगावे की मुहूर्ताला मोठ्या कुंड्यांतली रोपे मांडून देतो, जमिनीतली लागवड पावसाळ्यात करू. बहुतेक लोक हे ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांचे काम सोडलेले परवडते.

व्यवसायाची सुरुवात

सुरुवातीला दुकान, गाडी, शेडनेट यात पैसे गुंतवू नयेत. कुदळ, फावडे, घमेले, खुरपे, सिकेटर, कुंपण छाटण्याची मोठी कात्री, 50 फुटी टेप, पाठीवरचा पंप आणि दुचाकी एवढ्यावर पहिले वर्ष निघते. ग्राहक फक्त बंगलेवाले नसतात. धुळे-जळगाव महामार्गावरील पेट्रोल पंप, हॉटेल, मंगल कार्यालये, शाळा, दवाखाने यांना लागवडीपेक्षा नियमित देखभाल हवी असते आणि घराला दरमहा आधार त्याच कामाचा होतो.

देखभालीचा दर असा काढावा. एका बागेला महिन्यातून दोनदा अर्धा-अर्धा दिवस लागतो, म्हणजे एक पूर्ण दिवसाची मजुरी. तिच्यात जाण्या-येण्याचे पेट्रोल, खत-औषध आणि अवजारांची झीज मिळवावी. त्यावर आपला नफा. स्वतःची मजुरी धरायला लोक विसरतात आणि वर्षअखेर हाती काही उरत नाही. धुळे साधारण 35 किलोमीटर आहे. तिथली बाग एकटीच असेल तर पेट्रोलच नफा खाते, त्याच दिवशी होतील अशा दोन-तीन बागा जुळवाव्यात.

लागवडीच्या अंदाजपत्रकात रोपांच्या संख्येत 10 टक्के मर धरावी. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, रोपे त्या पैशातून आणावीत.

बोगनवेल, तगर, मेंदी, जास्वंद यांची फाटे कलमे पावसाळ्यात घरीच पिशव्यांत करता येतात. नुसती काळी माती पिशवीत दगडासारखी होते. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्यावे. फळझाडांची कलमे विकायची असतील तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्र फळांच्या रोपवाटिकांसंबंधीच्या 1969 च्या कायद्यानुसार परवाना लागतो. त्यासाठी तालुका कृषी अधिकारी किंवा जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. परवान्याशिवाय आंबा-लिंबाची कलमे बनवून विकू नयेत. परवानाधारक रोपवाटिकेतून आणावीत आणि पावती जपून ठेवावी. चार वर्षांनी लिंबू जंगली निघाला तर तीच पावती कामाला येते.

शिक्षणासाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची उद्यानविद्या पदविका काम सांभाळून करता येते. पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन भरते, एकदा तरी पाहून यावे. तिथली सगळी झाडे आपल्या उन्हात टिकतील असे समजून खरेदी मात्र करू नये.

काम घेताना एक पानी करार लिहावा. रोपांची नावे, उंची, पिशवीचा आकार. पाणी कोणी द्यायचे. मेलेले रोप एकदाच आणि तीन महिन्यांच्या आतच बदलून देणार. पाणी न दिल्याने किंवा जनावराने खाल्ल्याने गेलेले रोप त्यात नाही. जुने झाड तोडण्याचा विषय निघाला तर कुऱ्हाड लावण्याआधी थांबावे. नगरपरिषद हद्दीत 1975 च्या झाडांचे संरक्षण व जतन कायद्याखाली परवानगी लागते. अर्ज मालकाने करायचा, माळ्याने नाही, हेही त्याच पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.