समोर कुणी नसताना टाकलेला डाव

आज कर्नाटकात असलेल्या कल्याणीत, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यातल्या मल्लविनोदात पैलवानांचे व्यायाम वेगवेगळे सांगितले आहेत: ओझ्याचा भारश्रम, पाण्यातला सलिलश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम. खांब केवळ ताकदीसाठी असता, तर भार आणि पाणी पुरेसे होते. माझ्या मते खांबाचे काम निराळे होते: प्रतिस्पर्धी समोर नसताना त्याच्या अंगावरची पकड मनात धरून स्वतःच्या अंगात मुरवणे. पुढच्या काळातल्या मल्लखांबाची घडणच हे सांगते. सागवानी किंवा शिसवी खांब वर निमुळता होत जातो, त्याला अंग, मान आणि बोंड असते, आणि घर्षण कमी व्हावे म्हणून एरंडेल चोळल्यावर तो घामेजल्या देहासारखा निसटतो. अढी मारणाऱ्या पायांना लाकूड लागते, पण मनाने तिथे माणूस उभा केलेला असतो.

खांब हलत नाही, उलटा डाव टाकत नाही, मग तो जोडीदार कसा, असे कुणी विचारेल. पण तो हलत नाही म्हणूनच समोरच्याची हालचाल मनाला पुरवावी लागते. अशा कल्पनेने शरीर खरोखर बदलते का, हे यू आणि कोल या संशोधकांनी १९९२ मध्ये तपासले. चार आठवडे करंगळीचा स्नायू केवळ मनात आवळणाऱ्यांचे बळ सुमारे २२ टक्क्यांनी वाढले, प्रत्यक्ष आवळणाऱ्यांचे ३० टक्क्यांनी. या दोन आकड्यांतले अंतरही महत्त्वाचे आहे. नुसत्या कल्पनेला प्रत्यक्ष श्रमाची बरोबरी साधत नाही, आणि मल्लखांबात मन नि अंग एकाच वेळी राबतात.

बाराव्या शतकातल्या ग्रंथाला आजच्या प्रयोगाची साक्ष काढणे ओढूनताणून आहे, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. सोमेश्वराने मनाचा सिद्धांत मांडलेला नाही, आणि त्याच्या खांबापासून पेशवाईतल्या मल्लखांबापर्यंत अखंड परंपरा होती असे मी म्हणत नाही. माझा दावा आचरणापुरता आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (१७९६–१८१८) बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली. निजामाकडच्या अली आणि गुलाब या मल्लांच्या आव्हानाला उत्तर देण्यापूर्वी ते सप्तशृंगीला गेले आणि तिथे मारुतीने त्यांना खांबावरचे डाव दाखवले, अशी आख्यायिका आहे. तिला इतिहास मानायचे कारण नाही. पण ती सांगणाऱ्या लोकांना डाव आधी मनात दिसतो, मग खांबावर उतरतो आणि अलीशी गाठ त्यानंतर पडते, हा क्रम अगदी स्वाभाविक वाटत होता.