फरगुल आणि एक जुनं लुगडं

मंडळाच्या मागच्या बैठकीला मी एक झगा घेऊन गेले होते. दाखवून झाल्यावर दोन प्रश्न आले. पहिला, "ताई, हा मराठी की मोगली?" दुसरा जरा टोचणारा होता, "आतलं लुगडं कापायच्या आधी घरात कुणाला विचारलं होतं का?" दोन्हींची उत्तरं तिथे धड देता आली नाहीत, म्हणून हे टिपण.

आम्ही कडोदऱ्याला राहतो. मुंबई-अहमदाबाद हायवे आणि बारडोलीवरून धुळ्याकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या चोकडीजवळ. इथे खानदेशी माणूस शोधावा लागत नाही, चहाच्या टपरीवरसुद्धा अहिराणी ऐकू येते. आमचे हे बावीस वर्षं डाइंग मिलमध्ये आहेत. त्यामुळे घरात कापडाला तोटा नाही, पण सगळं सेकंड नाहीतर कटपीस. चांगल्या ताग्यातून, माप घेऊन, ह्यांच्यासाठी म्हणून शिवलेलं काहीच नव्हतं. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा मी ते मनावर घेतलं. रात्रपाळीहून आले की हे पहाटे गच्चीवर चहा घेत बसतात. जानेवारीत तिथे चांगलंच दव पडतं आणि शाल दर घोटाला खांद्यावरून घसरते. म्हणजे हवं होतं शालीसारखंच, पण न घसरणारं.

अंगावर नुसतं सोडायचं, बाह्या नाहीत, असं वस्त्र आपल्याला नवीन नाही. पावसातलं इरलं आहे, घोंगडीची खोळ आहे, बाळाची कुंची तर घरोघरी होती. मोठ्या माणसासाठी काय, हे शोधताना अबुल फझलच्या 'ऐन-ए-अकबरी'त फरगुल सापडला. सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या या ग्रंथात अकबराच्या कपड्यांची यादी आहे. त्यात फरगुलाबद्दल म्हटलंय की हा झगा फिरंग्यांच्या मुलखातून आला, पण आता सगळेच घालतात. याच ग्रंथात असंही आहे की पूर्वी लोक शाल चार घड्या घालून वापरत, नंतर तशीच मोकळी खांद्यावर टाकू लागले, आणि बादशहाने ती दुहेरी पांघरायला सुरुवात केली. आपल्या शालजोडीची आठवण होते की नाही? शालीला त्याने नवं नावही दिलं होतं, परमनरम. मला ते फार आवडलं.

आता यात सुरत कुठे आली? 1573 मध्ये अकबराने सुरतेचा किल्ला घेतला. पोर्तुगीजांशी त्याची गाठ पडली ती याच स्वारीत. पुढे 1575 मध्ये त्याने हाजी हबीबुल्लाला गोव्याला पाठवलं, तिकडच्या नवलाईच्या वस्तू आणायला आणि कारागिरी शिकून यायला. 1577 मध्ये तो परतला तेव्हा त्याच्या ताफ्यात फिरंगी पोशाख केलेली माणसंही होती. पोर्तुगीजांच्या एका झग्याचं नाव फेरागोलो. ते आणि फरगुल एकापाठोपाठ म्हणून पाहा. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की हा झगा मूळचा मराठीही नाही आणि मोगलीही नाही. तो समुद्रावरून आलाय. आपणही या गावात कुठून कुठून आलोच आहोत की.

बेत मात्र माझा स्वतःचा आहे, कुठल्या जुन्या चित्रावरून उचललेला नाही. फिरंगी झगा बहुधा अर्ध्या वर्तुळात कापतात. त्याला रुंद कापड लागतं, आणि त्यांची लोकर, जिला आपण सकलाद म्हणायचो, तशी रुंद असे. मी बारडोलीहून खादी आणली, तिचा पन्हा 36 इंच. (सुरतेच्या आसपास राहून साधं सुती कापड शोधत फिरावं लागतं, हाही एक इतिहासच!) या पन्ह्यात अर्धं वर्तुळ बसत नाही. मग अंगरख्याच्या घेराला घालतात तशा कळ्या घेतल्या. एकूण सहा, प्रत्येक वर 6 इंच, खाली 28, लांबी 44. एक कळी सरळ ठेवायची, शेजारची उलटी. दोन्ही मिळून 34 इंच होतात, शिवणीला 2 उरतात आणि पन्हा पुरा. पावणेचार वारात काम झालं, चिंधी निघाली मूठभर. वरच्या 36 इंचांच्या चुण्या घालून 18 इंचांच्या गळपट्टीत बसवल्या. मागची मधली शिवण खालून दोन फूट उघडी ठेवली, कारण असा झगा घोड्यावर बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना पडायला हवा. ह्यांच्याकडे घोडा नाही, स्कूटर आहे. तिच्यावर झगा घालून जायचं नाही, चाकात अडकेल, असं आधीच बजावलंय.

आता लुगडं. ऊब हवी म्हणून खादी आणि मलमलचं अस्तर यांच्यामध्ये एक थर घालायचा होता. आमच्याकडे गोधडीत काय घालतात ते सांगायला नको. ट्रंकेत सासूबाईंचं नऊवारी होतं, सुती, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. भेट गुपचूप द्यायची होती, म्हणून ह्यांना विचारलं नाही. निम्मं कापलं आणि धावदोऱ्याने तिन्ही थर धरले. काठाची पट्टी तेवढी गळपट्टीला आतून लावली.

बैठकीत ज्यांनी विचारलं त्यांचं म्हणणं मला पटलंय, पण पूर्ण नाही. गोधडी करणाऱ्या बायांनी जुनेर जपून ठेवलं असतं तर गोधडी झालीच नसती. माझी चूक वेगळी आहे. कात्री लावण्याआधी मी त्याचा पन्हा मोजला नाही, पदर कसा होता त्याचा फोटो काढला नाही, कुठल्या पेठेचं ते विचारलं नाही. एरवी मंडळात दुसऱ्यांना हेच सांगत असते.

झगा दिला त्या पहाटे ह्यांनी अंगावर घेतला, गळ्याशी हात नेला आणि काठावर बोट थांबलं.

"हे आईचं?"

"हो."

"उरलंय का?"

मी ट्रंक उघडून निम्मं दाखवलं. हे काही बोलले नाहीत. झगा घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि झोपायला गेले. तीन दिवस तो तिथेच होता. चौथ्या पहाटे गच्चीवर चहा द्यायला गेले तर अंगावर होता.

उरलेलं लुगडं आता धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळून ठेवलंय, सोबत एक चिठ्ठी. मजकूर ह्यांनी सांगितला, मी लिहिला: अमळनेरच्या बाजारातून घेतलेलं. आई आखाजीला नेसायची. निम्मं फरगुलात आहे.