साइटपासून शाळेच्या फाटकापर्यंत

पुण्यात विश्रांतवाडीच्या चौकातून धानोरीकडे वळलं की दर वर्षी एखादी नवी इमारत उभी राहताना दिसते. हिरव्या जाळीआड स्लॅब चढत असतात आणि कुंपणाच्या कडेला पत्र्याच्या दहा-पंधरा खोल्या असतात. त्या खोल्यांपुढच्या खडीवर खेळणारी पोरं आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो. सकाळी आपल्या मुलाला शाळेच्या रिक्षात बसवायचं आणि परत फिरताना त्याच्याच वयाची मुलगी कडेवर भावंड घेऊन उभी दिसायची. यात काही चुकतंय, हे कळायला मला बराच काळ लागला. ते कळलं डोअर स्टेप स्कूलमुळे. या संस्थेची वाटचाल मी आधी लांबून पाहिली, मग चार पावलं तिच्याबरोबर चालले.

सुरुवात मुंबईतली. १९८८ साली कुलाबा-कफ परेडच्या वस्तीत रजनी परांजपे आणि बीना शेठ-लश्करी यांनी हे काम हाती घेतलं. रजनीताई निर्मला निकेतनमध्ये समाजकार्य शिकवत, बीनाताई त्यांच्या विद्यार्थिनी. मुलं शाळेत का टिकत नाहीत याचं उत्तर वस्तीत शिरल्यावर लगेच सापडण्यासारखं होतं. धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, चार पैसे मिळवायचे. शाळेची वेळ आणि त्या मुलांचा दिवस यांचा मेळच बसत नव्हता. तेव्हा शाळाच त्यांच्या दारात न्यायची, असं ठरलं. १९९८ मध्ये तर फुटपाथवरच्या मुलांसाठी बसमध्येच वर्ग थाटला गेला. ती थांबेल तिथे शाळा.

पुण्यात संस्था आली १९९३ साली. पुणे चारही अंगांनी वाढत होतं. कळस, धानोरी ही आमच्या शेजारची गावं १९९७ मध्ये महापालिकेत आली. शेतं जाऊन इमारती आल्या आणि त्यांच्यामागून मराठवाड्यातली, सोलापूरकडची, कर्नाटकातली, पुढेपुढे छत्तीसगड-बिहारमधली कुटुंबं आली. गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी. आई-वडील दोघंही कामावर, पोरं साइटवर. संस्थेने बिल्डरांकडे जाऊन एक खोली मागितली, तिथे एक ताई नेमली आणि शिकवायला सुरुवात केली.

या कामातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे लहानग्यांची सोय. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला शाळेत पाठवायचं तर तिच्या कडेवरचं मूल आधी कुणीतरी घ्यायला हवं. त्यासाठी साइटवरच पाळणाघर आणि बालवाडी. आईला कितीही समजावलं, तरी दीड वर्षाचं पोर वाळूच्या ढिगाजवळ एकटं सोडून ती मोठीला शाळेत कशी पाठवणार? भाषणं देणाऱ्या पुष्कळांना हा साधा प्रश्न सुचत नाही. ज्या बायका रोज साइटवर जात होत्या, त्यांना तो सुचला.

पण साइटवरची शाळा साइटइतकीच टिकते. इमारत उभी राहिली की खोली मोडते आणि मजूर दुसरीकडे जातात. शिवाय हक्काची, सरकारमान्य शाळा शेजारीच असते. म्हणून पुढचा टप्पा आला तो मुलांना महापालिकेच्या शाळेत पोचवण्याचा. संस्थेने त्यासाठी गाड्यांची सोय सुरू केली.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि या कामाला मोठा आधार मिळाला. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी मुलाला बाहेर ठेवता येत नाही. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं शिकायला वेगळी मदत द्यायची. पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. सगळं कागदावर आलं. पण मूल कुठल्या पत्र्याच्या खोलीत आहे, हे कायद्याला कुठून कळणार? ते शेजाऱ्यालाच ठाऊक असतं. २०११ मध्ये संस्थेने नागरिकांना हाक दिली, ती याचसाठी. ‘एव्हरी चाइल्ड काउंट्स’ हे त्या मोहिमेचं नाव. आपल्या घराजवळची साइट पाहा, मुलं मोजा, शाळेत पोचवा.

ही हाक ऐकून आम्ही जोडीजोडीने निघालो. पहिला अडसर वॉचमनचा, दुसरा मुकादमाचा. फॉर्मवर नाव, वय, गाव, आधी शाळेत होता का, असे रकाने. वयाच्या रकान्याशी पेन थांबायचं. एक आई म्हणाली, “हा धाकटा झाला तवा हिचे दात पडत व्हते.” आम्ही धाकट्याचं वय विचारून हिशेब मांडला आणि सात लिहिलं.

तिच्या प्रवेशाच्या वेळी शाळेत आमच्याकडे जन्मदाखला मागितला. नाही म्हटल्यावर “आणा, मग बघू” असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी कायद्याचं पान छापून नेलं. आवाज चढवला नाही, पान समोर ठेवलं आणि बसून राहिलो. तास-दीड तासाने मुलीचं नाव हजेरीपटावर चढलं.

त्या दिवशी मला वाटलं, झालं काम. खरं काम पुढे होतं. साइट ते शाळा जेमतेम अर्धा किलोमीटर, पण मधे डंपरचा रस्ता. आई-बाप सातलाच कामावर चढलेले. मुलांना कोण नेणार? शेजारच्या सोसायटीतले एक निवृत्त काका, दोन गृहिणी आणि मी, अशी पाळी लागली. आमच्या भागात माणसं मिळायला अडचण येत नाही. आषाढी वारीत माउलींची पालखी दिघीवरून विश्रांतवाडीत येते, तेव्हा इथला जो तो अनोळखी वारकऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या देत असतो. तेच हात वर्षभर मागायचे होते, एवढंच.

दरम्यान संस्था महापालिकेच्या शाळांच्या आतही पोचली होती. वाचनाची तासिका, हाताळून मळतील अशी गोष्टींची पुस्तकं, मुलांना घरी न्यायला दिलेली पुस्तकं. ‘ग्रो विथ बुक्स’ नावाने हे चालतं. आमची ती सात वर्षांची मुलगी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अक्षरं जोडू लागली. एका सकाळी शाळेला निघताना ती साइटच्या फाटकाशी थांबली. वर पाटी होती, जिच्या खांबाला ती दोरी बांधून झोका घ्यायची. बोट ठेवून एकेक अक्षर लावत ती म्हणाली, “हेल्... मेट... वा-प-रा.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “माझ्या बापाला का नाही दिलं?”

मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी तिने तोच प्रश्न सुपरवायझरला विचारला, असं वॉचमनने सांगितलं.

दीड वर्षाने इमारतीला रंग लागला आणि कुटुंब निघालं, वाघोलीकडच्या साइटवर. आम्ही शाळेतून दाखला घेतला, त्याची झेरॉक्स काढली, नव्या ठिकाणाजवळच्या शाळेचा पत्ता मागे लिहून दिला. आईने कागद दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घातला आणि पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली ठेवला. टेम्पोत पेटी चढवताना मुलगी म्हणाली, “आई, ती वर ठेव. उतरल्यावर लगेच लागंल.”