पॅनिंगची कुळकथा

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत फॉर्म्युला ई शर्यत झाली. हिमायतनगरहून लिबर्टी चौक ओलांडून तेलंगणा तल्ली (पूर्वीचा तेलुगू तल्ली) उड्डाणपूल उतरलं की हुसेनसागरच्या काठी त्या शर्यतीचा रस्ता लागतो. ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला. शहरातल्या रस्त्यावरची शर्यत, त्यामुळे कडेनं उंच लोखंडी जाळी. ही जाळी फोटोतून घालवायची जुनी तऱ्हा म्हणजे पॅनिंग. शटर सावकाश ठेवायचं आणि कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा. गाडी ठसठशीत येते, जाळी नि झाडं रेघांत विरून जातात.

या तऱ्हेचं कूळ शोधताना मी जाक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकारापाशी थांबतो. जून १९१२, फ्रेंच ग्राँ प्री, वय अठरा, हातात काचेच्या प्लेटचा कॅमेरा. त्याच्या शटरची अरुंद फट प्लेटवरून सरके, म्हणजे चित्राची एक कड आधी उमटे, दुसरी मागाहून. सहा नंबरची गाडी आली तसा तोही वळला, पण तिच्याइतक्या झपाट्यानं नाही. मग चाक पुढे झुकून लंबगोल झालं, कडेचे प्रेक्षक नि खांब मागे कलले, गाडीचं नाक चौकटीबाहेर गेलं. लार्तिगच्या लेखी फोटो फसला होता. तो कित्येक वर्षं पडून राहिला, आणि त्यावर सालही पुढे १९१३ असं चुकीचं छापलं जाई. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९६३ साली लार्तिगच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे त्याचं नाव जगभर झालं. पॅनिंग त्यानंच शोधलं, असा माझा दावा नाही. पण गाडीसोबत फोटो काढणाराही वळला, याचा इतका ढळढळीत पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

शटर सावकाश का ठेवायचं, ते गणितच सांगतं. ताशी १८० किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाला ५० मीटर कापते. १/१००० सेकंदात ती जेमतेम ५ सेंटिमीटर सरकते, म्हणून त्या शटरला टिपलेली गाडी पार्क केल्यासारखी दिसते. १/५० ला ती मीटरभर जाते नि चाक जिवंत होतं.

सरावाला हिमायतनगरचा रस्ता पुरेसा आहे. जिथे रिक्षा टिपायची तिकडे पावलं रोवावीत, कमरेतून मागे वळून ती लांबूनच धरावी, १/३० ठेवावं आणि क्लिक झाल्यावरही वळणं थांबवू नये. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीनं वाचतं, त्यामुळे बऱ्याच कॅमेऱ्यांत मागचे विजेचे खांब आजही तसेच कलतात. ते सरळ हवे असतील तर मेकॅनिकल शटर लावावं.