मुंबई–चंदीगड : हवाई अंतर आणि प्रवासाचा कालावधी

मुंबई आणि चंदीगड या शहरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,३५० किलोमीटर आहे. थेट विमानाने हा प्रवास वेळापत्रकानुसार साधारणपणे सव्वादोन ते अडीच तासांत पूर्ण होतो. रेल्वेने त्यासाठी एका दिवसाहून अधिक काळ लागतो, तर दिल्लीमार्गे रस्त्याचे अंतर साडेसोळाशे किलोमीटरच्या आसपास भरते. चंदीगडपासून पुण्याचे सरळ हवाई अंतर सुमारे १,३७५ किलोमीटर आणि नागपूरचे सुमारे १,०९० किलोमीटर आहे.

वेळेचा हिशेब

ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जेट विमानाला १,३५० किलोमीटरसाठी एक तास चाळीस मिनिटे पुरेशी ठरावीत. वेळापत्रकातील कालावधी मात्र विमान थांब्यावरून निघाल्यापासून उतरून पुन्हा थांब्यावर लागेपर्यंत मोजला जातो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, उड्डाणाच्या परवानगीची प्रतीक्षा, उंची गाठताना व उतरताना कमी असणारा वेग आणि ठरलेल्या हवाई मार्गांची वळणे यांत उरलेला वेळ जातो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने गर्दीच्या वेळी ही प्रतीक्षा वाढते.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. मुंबई–चंदीगड मार्ग जवळपास दक्षिणोत्तर असल्यामुळे हे वारे विमानाला प्रामुख्याने आडवे येतात. परिणामी, पूर्व-पश्चिम मार्गांप्रमाणे येथे जाण्याच्या व येण्याच्या वेळेत मोठी तफावत पडत नाही.

चंदीगडचा विमानतळ

चंदीगडच्या विमानतळाची धावपट्टी भारतीय हवाई दलाच्या तळावर असून नागरी विमाने तिचाच वापर करतात. मोहालीच्या बाजूला उभारलेल्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन ११ सप्टेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये विमानतळाला शहीद भगतसिंग यांचे नाव देण्यात आले. त्याच्या कंपनीत भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा ५१ टक्के, तर पंजाब व हरियाणा या राज्यांचा प्रत्येकी २४.५ टक्के वाटा आहे.

सीमेजवळील लष्करी तळ असल्याने सुरक्षाविषयक परिस्थितीचा येथील नागरी वाहतुकीवर थेट परिणाम होतो. मे २०२५ मधील भारत–पाकिस्तान संघर्षाच्या काळात उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद करण्यात आले. त्यांत चंदीगडचाही समावेश होता. हे विमानतळ १२ मे रोजी पुन्हा खुले झाले.

प्रवाशांसाठी

डिसेंबर व जानेवारीत दाट धुक्यामुळे सकाळची व रात्रीची उड्डाणे लांबतात किंवा रद्द होतात. अशा वेळी दिल्लीमार्गे जाण्याचा पर्याय उरतो. दिल्ली–चंदीगड हे सुमारे २४५ किलोमीटरचे अंतर शताब्दी एक्सप्रेस साडेतीन तासांच्या आत पार करते. मात्र त्याच दिवसांत दिल्लीतही धुके असते.

सिमला वा मनालीला जाणारे पर्यटक आणि चंडीमंदिर येथील लष्कराच्या पश्चिम कमांडमध्ये रुजू होणारे जवान यांच्यासाठी चंदीगड हा वाटेतील महत्त्वाचा टप्पा आहे. काल्का येथून सुटणारी सिमल्याची गाडी गाठायची असल्यास, किंवा ठरावीक वेळी हजर राहणे भाग असल्यास, हिवाळ्यात एक दिवस आधी निघणे श्रेयस्कर ठरते.